कागदावरचे जन्मगाव

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असे आमच्याकडे शाळकरी पोरही म्हणते. ही म्हण कोणी काढली, कधी काढली आणि कौतुकाने काढली की टिंगलीने, याबद्दल परभणीत जितकी डोकी तितकी मते आहेत. तिच्या जोडीला ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हीही आहेच. तिच्यातल्या टिंगलीबद्दल मात्र दुमत नाही. असो. सांगायचे ते हे, की पहिल्या म्हणीतली दोन टोके गेल्या दोन-तीन वर्षांत खरोखरच एकमेकांजवळ सरकली आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी २७ जूनपासून जर्मनीने आपला नागरिकत्वाचा कायदा बराच सैल केला. पूर्वी आठ वर्षे राहावे लागे, आता पाच पुरतात. आणि आधीच्या देशाचे नागरिकत्व सोडून या, ही अट त्यांनी काढून टाकली. विशेष कर्तबगारांसाठी ठेवलेली तीन वर्षांची सवलत २०२५ च्या ऑक्टोबरात मागे घेतली गेली, पण पाच वर्षांचा नियम राहिला. २०२४ या एका वर्षात जर्मनीने २ लाख ९१ हजार ९५५ लोकांना आपले नागरिक करून घेतले. त्यात सर्वांत मोठा वाटा सीरियातून जीव घेऊन आलेल्यांचा होता.

इकडे आपल्या संसदेत परराष्ट्र मंत्रालय दरवर्षी एक आकडा देते आणि दरवर्षी त्यावर दोन दिवस चर्चा होते. भारताचे नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या २०२१ मध्ये १ लाख ६३ हजार ३७०, २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२०, २०२३ मध्ये २ लाख १६ हजार २१९ आणि २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८ होती. एक पक्ष म्हणतो, पोरे देशाला लाथ मारून चालली. दुसरा म्हणतो, भारतीयांनी जग जिंकले. दोन्ही पक्षांनी अशा अर्जाची फाईल जवळून पाहिलेली नसते, असा माझा अनुभव आहे.

मी पाहिली आहे. निवृत्त बँक अधिकारी म्हणजे गल्लीतला बिनफीचा वकील. पस्तीस वर्षे लोकांच्या सह्या, वारस आणि अंगठे तपासल्यावर माणसाला कागदाची एक नजर येते, आणि निवृत्तीनंतर ती नजर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडते. दुपारी चारच्या सुमारास कोणी तरी प्लास्टिकची पिशवी घेऊन दारात उभे राहते. पिशवीत निर्गम उतारा, आधार कार्ड, लग्नपत्रिका आणि कुणाचा तरी मृत्यूचा दाखला असतो. मुलगा तिकडे नागरिकत्वाचा अर्ज भरणार असतो आणि इकडे आईबाप कागद गोळा करत असतात. पूर्वी अशी पिशवी वर्षाकाठी एखादी येई. आता महिन्याला दोन-तीन येतात.

त्यातली एक पिशवी माझ्याच घरातली आहे. थोरल्या भावाचा मुलगा २०१७ पासून बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या एका शहरात मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने अर्ज करायचे ठरवले तेव्हा बहुतेक सगळे त्याच्याजवळ तयार होते: राहण्याचा परवाना, पगाराच्या पावत्या, पेन्शनची वर्गणी, भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र. नागरिकत्वाच्या परीक्षेत तेहेतीस प्रश्न असतात आणि सतरा बरोबर आले की पास. त्याचे त्याहून पुष्कळ जास्त आले. २५५ युरोंची फी त्याला जड नव्हती. हे सगळे कागद जर्मनीत तयार झालेले होते. अडले ते परभणी जिल्ह्यात तयार झालेल्या एका कागदापाशी, जन्माच्या दाखल्यापाशी.

पोरगा १९८६ चा. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून आमचे जिंतूर तालुक्यातले गाव आहे. शाळेवरून पासपोर्ट झाला, तेव्हा तेच गाव पुढे गेले. आमच्या गावच्या दफ्तरात मात्र त्याच्या जन्माची नोंद सापडेना. दोन खेपा झाल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, तिथं कशी सापडेल? तो तर माझ्या माहेरी झाला ना!” पहिले बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा नियम. जन्माची नोंद मात्र जन्म जिथे झाला तिथेच होते, हा कायद्याचा नियम. शाळेत नाव घालताना बाप आपल्या गावाचे नाव सांगतो आणि मास्तर ते लिहून घेतो. मराठवाड्यातल्या घरोघरच्या पहिल्या अपत्यांची कागदोपत्री जन्मगावे यामुळे चुकलेली आहेत. थोरल्याला जे भोगावे लागते ते धाकट्याला लागत नाही, असे म्हणतात ते इथेही खरे.

वहिनींचे माहेर वसमत तालुक्यातले. १९८६ साली वसमत परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि वसमत तिकडे गेले. म्हणजे पासपोर्टावर जन्मस्थान परभणी, नव्या दाखल्यावर जिल्हा हिंगोली, आणि दोन्ही खरे. त्याआधी १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर आमच्याकडून गेले होते. आणखी मागे गेलो तर माझ्या वडिलांच्या पिढीचा माणूस एका ओसरीवर बसल्या बसल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मला, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाईनंतर भारतात आला, १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात गेला आणि १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात. त्याने घर कधी बदलले नाही, तरी ‘जन्म कोणत्या राज्यात’ या एका ओळीच्या प्रश्नाला त्याचे उत्तर अर्धे पान होते. परदेशातल्या छापील अर्जात त्या उत्तरासाठी एकच चौकट असते.

जन्मगावाचा प्रश्न आमच्या जिल्ह्याला तसा नवा नाही म्हणा. २०२० च्या जानेवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीला साईबाबांचे जन्मस्थळ म्हणून निधी देण्याचे जाहीर केले आणि शिर्डीकरांनी बंद पाळला. बाबांनी स्वतः आपले गाव सांगितले नाही आणि कोणी त्यांच्याकडे दाखलाही मागितला नाही. आमच्या पुतण्याचे भाग्य तेवढे थोर नाही.

वसमतकडच्या त्या गावात नोंद सापडली. गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची नोंदवही, कोपरे वाळवीने खाल्लेली पण अक्षर शाबूत. तारीख बरोबर होती. मुलाच्या नावाचा रकाना कोरा होता, कारण नोंद तिसऱ्या दिवशी झाली आणि बारसे बाराव्या दिवशी. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यात नाव मागाहून घालण्याची सोय आहे, पण त्यासाठी पंधरा वर्षांची मुदत आहे आणि सरकारला ती वेळोवेळी वाढवून द्यावी लागली आहे. न वाढवून सांगते कोणाला? जुन्या वह्यांत बिननावाची मुले इतकी आहेत की त्यांची एक वेगळी पंचायत समिती होईल.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. वर्दी द्यायला वहिनींचे वडील गेले होते. त्यांनी आईचे नाव म्हणून आपल्या लेकीचे माहेरचे नाव सांगितले. त्यांच्या दृष्टीने ती त्यांची लेकच होती. सासरी मात्र लग्नाच्या दिवशीच ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून झालेले. आडनाव तर बदललेच, पण स्वतःचे नावही बदलले. पुतण्याच्या पासपोर्टावर आईचे नाव सासरचे आणि जन्माच्या वहीत माहेरचे. म्हणजे जर्मन कारकुनाच्या समोर एका मुलाच्या दोन आया उभ्या. ‘ही एकच व्यक्ती होय’ असे प्रतिज्ञापत्र आपल्याकडे मुद्रांकावर सहज होते, पण नुसत्या प्रतिज्ञापत्रावर तिकडे कोणाचे समाधान होईना. लग्नाचा पुरावा मागितला. लग्न १९८४ चे, नोंदणी अर्थातच नाही. मग चाळीस वर्षांनी दादा-वहिनींनी ग्रामपंचायतीत जाऊन विवाह नोंदणीचा अर्ज भरला. लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती त्या अर्जात द्यावी लागते. गुरुजी केव्हाच वारले होते. साक्षीदार म्हणून लग्नात आडवा पाट धरणाऱ्यांपैकी दोघे जण हयात निघाले, तिसरा मी. फोटो काढताना वहिनींनी पदर डोक्यावर घेतला तेव्हा दादा म्हणाला, “आता कायला लाजू लागलीस?” तेवढाच त्या फाईलमधला विनोदाचा क्षण.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आमचा दादा जिल्हा परिषदेचा शिक्षक होता. जून महिन्यात गावातून फिरून पोरे गोळा करायची, सहा वर्षे पूर्ण दिसली पाहिजेत म्हणून जन्मतारीख १ जून टाकायची आणि नाव घालायचे, हा तेव्हाचा शिरस्ता. मराठवाड्यात साठीपुढच्या माणसांचे वाढदिवस १ जूनला का येतात, हे निवृत्तिवेतनाच्या कोणत्याही शाखेत बसून कळते. स्वतः दादाची तारीखही १ जून आणि वहिनींचीही. पुतण्याच्या कार्यालयातल्या बाईंनी त्याला विचारले होते, तुमच्या आईवडिलांनी एकाच दिवशी जन्मलेला जोडीदार मुद्दाम शोधला का? त्याने ‘हो’ म्हणून वेळ मारून नेली.

यानंतरचा टप्पा माझ्यासारख्या कागदात मुरलेल्यालाही नवा होता. परदेशात कागद दाखवायचा तर त्यावरची सही-शिक्का खरा असल्याची खात्री देण्यासाठी ‘अपोस्टिल’ नावाची सोय आहे. त्या मूळच्या १९६१ च्या हेग करारात भारत २००५ साली सामील झाला. जर्मनीने मात्र भारताच्या या सहभागाला हरकत घेतली. पुतण्याच्या दाखल्यासाठी तो शिक्का त्यामुळे उपयोगी पडला नाही. त्याऐवजी जर्मन वकिलातीमार्फत तपासणी होते. त्यांनी नेमलेला वकील दाखला जिथून निघाला तिथे जातो, मूळ वही बघतो, शाळेत विचारतो, शेजारीपाजारी विचारतो आणि अहवाल देतो. याची फी अर्जदाराने भरायची आणि काही महिने वाट बघायची.

असा एक गृहस्थ वहिनींच्या माहेरगावी गेला. पांढरा शर्ट, बॅग, आणि प्रश्न काय, तर अमक्याची मुलगी कोण, तिला मुलगा किती साली झाला, तो आता कुठे आहे, स्वभावाने कसा आहे. गावात अर्ध्या तासात बातमी पसरली की पोराला सोयरीक आली आहे. पोराचे लग्न होऊन आठ वर्षे झाली होती. वहिनींच्या भावाला फोन गेले, त्यांनी इकडे फोन केला, इकडे वहिनी घाबरल्या. शेवटी पोलीस पाटलांनी खुलासा केला. मला त्यातले एक बरे वाटले: त्या माणसाला प्रत्येकाने चहा पाजला आणि प्रत्येकाने खरे तेच सांगितले.

आता विचार असा येतो, की जर्मनीने आपल्या सरकारी शिक्क्यावर विश्वास का ठेवू नये? राग येण्यासारखी गोष्ट आहे, आणि मला तो आला. पण नंतर आपल्याच वर्तमानपत्रातल्या बातम्या आठवल्या. जन्माची नोंद वर्षाच्या आत झाली नसेल तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून हे अधिकार महसूल खात्याकडे आले. काम सोपे झाले. आणि सोपे झाल्यावर व्हायचे तेच झाले. राज्यात काही ठिकाणी उशिराने दिलेल्या दाखल्यांचा आकडा इतका फुगला की २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारला ही प्रक्रिया थांबवून विशेष तपास पथक नेमावे लागले. खोटे दाखले निघाले असतील तर ते रद्द झालेच पाहिजेत. पण त्या चाळणीत ज्यांचा जन्म खरा आणि नोंद राहिलेली, अशी ऊसतोड कामगारांची, पारध्यांची, भटक्यांची माणसेही अडकतात. फडावर जन्मलेल्या मुलाची वर्दी कोणी द्यायची? परभणीहून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या बाईचे मूल कोपीत जन्मते, ती कारखाना बंद झाल्यावर गावी परत येते. तिथल्या ग्रामसेवकाला ते मूल माहीत नसते आणि इथला म्हणतो, जन्म इथला नाही. पासपोर्टच्या २०२५ मधल्या नव्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. शाळेच्या दाखल्यावर भागत नाही. आमच्या पुतण्याच्या पाठीशी एक मास्तर बाप आणि एक बँकवाला काका होता. कोपीत जन्मलेल्या पोराच्या पाठीशी कोण आहे?

आमच्या भागात तर कागदाला लिपीचाही फेर आहे. निजामाच्या काळातले महसुली आणि शाळांचे दफ्तर उर्दूत, काही मोडीत. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांना उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. ज्यांच्याकडे आम्ही वर्षानुवर्षे ढुंकून पाहिले नव्हते, त्या निवृत्त उर्दू शिक्षकांना अचानक मान आला. त्याच सुमारास सेलूकडच्या एका आजींची पिशवी माझ्याकडे आली. त्यांची लेक अमेरिकेची नागरिक झाली होती आणि आईला कायमची तिकडे नेणार होती. आजींच्या आधार कार्डावर १९४८ साल होते, अंदाजाने टाकलेले. पासपोर्ट अजून काढायचा होता. जन्माची नोंद नसेल तर तिकडे तसे सरकारी पत्र आणि जन्म माहीत असणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे लागतात. ऐंशीच्या घरातल्या बाईचा जन्म आठवणारी दोन माणसे आणायची कुठून? सुदैवाने जुन्या उर्दू वहीत नोंद निघाली. मास्तरांनी चष्मा पुसून वाचली: तेराशे पंचावन्न फसली, माहे तीर. फसली सालात ५९० मिळवले की १९४५ येतात. पण हैदराबादचे ते वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई आणि तीर हा आठवा महिना, म्हणजे १९४६ चा मे. आजी म्हणाल्या, “म्हणजे मी एका बैठकीत दोन वर्षांनी म्हातारी झाले की!” आधी आधार दुरुस्त केले, मग पासपोर्ट काढला.

परक्या मुलखात हक्क मिळवण्यासाठी कागद जमवणे परभणीला जर्मनीने शिकवले असे मात्र नाही. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी मिळायची तर माणूस ‘मुल्की’ असावा लागे. १९१९ च्या फर्मानानुसार बाहेरून आलेल्याने संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य करायचे, मूळ गावी परतण्याचा विचार सोडला आहे असे प्रतिज्ञापत्र करायचे आणि त्यावर दंडाधिकाऱ्याची सही घ्यायची, तेव्हा तो मुल्की. पुण्याहून किंवा वऱ्हाडातून परभणीला आलेल्या मराठी माणसालाही हेच लागू. भाषा तीच, देव तेच, सोयरसंबंध तेच, पण सरकार दुसरे. पंधरा वर्षे आणि ‘परत जाणार नाही’ हे वचन. त्या मानाने जर्मनीची पाच वर्षे स्वस्त म्हणायची. आणि परत न जाण्याचे वचन तर २०२४ पासून ते मागतच नाहीत.

मागते ते आपले सरकार. घटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम असे सांगते, की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्या क्षणी भारताचे संपते. जर्मनीने दोन पासपोर्टांची मुभा दिली तिचा तुर्की माणसाला उपयोग झाला, मराठी माणसाला नाही. पुतण्याला जर्मन प्रमाणपत्र हातात पडले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल आणि मग परकीय म्हणून ओसीआय कार्डासाठी अर्ज करावा लागेल. ही योजना २००६ च्या जानेवारीत हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात सुरू झाली. नावात ‘नागरिक’ आहे, पण मत नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. व्हिसाशिवाय येता-जाता येते, हा खरा फायदा. आणि तोही सरकार मनात आणील तोवर. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा ओसीआयवाल्यांची व्हिसामुक्त ये-जा तहकूब झाली होती. पुतण्या त्या वर्षी भारतीय पासपोर्टावर घरी पोचला. त्याचा एक मित्र वडिलांच्या दहाव्यालाही येऊ शकला नाही. अर्ज भरायला पुतण्याने पुढे इतका उशीर का केला, याचे कारण पगारात किंवा देशप्रेमात शोधू नये. ते त्या दहाव्यात आहे.

माझे मत विचाराल तर मतदानाचा हक्क दोन देशांत असू नये. ज्या सरकारचे बरेवाईट आपल्याला भोगायचे नाही ते निवडून देण्यात अर्थ नाही. पण बापाच्या शेजारचा दोन एकराचा तुकडा लेकाला घेता येऊ नये, हे मला पटत नाही. वारसाने आलेली जमीन ओसीआयवाल्याला ठेवता येते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि घाबरून भाऊबंद आधीच हक्कसोडपत्रे करून घेतात. विकायची झाली तर मात्र ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते. बँकेत असताना मी अशी दोन-तीन हक्कसोडपत्रे पाहिली आहेत, ज्यांत मुलाला परदेशी पासपोर्टाची भीती घालून त्याचा हिस्सा काढून घेतला होता. भीती घालणारा नेहमी कायद्याचे नाव घेतो आणि कलम कधी सांगत नाही.

उलट दिशेने आलेली माणसेही आठवतात. गेल ऑम्वेट अमेरिकेत जन्मल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला घर केले आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या तेव्हा अमेरिकेने आपला नागरिक पळवला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आपण त्यांना आपले म्हटले आणि ते योग्यच होते. मग आमच्या पोरांना जर्मनांनी आपले म्हटले तर आपल्या पोटात का दुखावे?

दुखते ते वेगळ्याच ठिकाणी. पुतण्याच्या फाईलमध्ये आता एकच प्रश्न शिल्लक आहे आणि तो कोणत्याही दाखल्याने सुटणारा नाही. मराठी नावाचे तीन तुकडे असतात. जर्मन कायद्याला मधले बापाचे नाव ठाऊक नाही. त्यामुळे आठ वर्षे तिकडची पत्रे त्याला त्याच्या आणि माझ्या दादाच्या नावांची सलग माळ करून येतात, आणि दवाखान्यात तर कधी कधी नुसत्या दादाच्या नावाने पुकारा होतो. जर्मन झाल्यावर नाव तिथल्या पद्धतीला जुळवून घेण्याची कायद्यात सोय आहे, बापाचे नाव गाळता येते. सक्ती नाही. पुतण्याची बायको म्हणते गाळा, मुलांना त्रास नको. इकडे आपल्या सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव घालायचे ठरवले आहे. हे दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग माझं काढून तिचं घाल म्हणावं. तिच्याच माहेरचा दाखला कामी आला ना शेवटी.” बोलला हसत, पण त्या दिवशी जेवला कमी.

तपासणीचा अहवाल अनुकूल गेल्याचे पुतण्याने कळवले आहे. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र घ्यायला बोलावतील तेव्हा नावाचा अर्ज तिथेच द्यायचा की नाही, हे त्याने अजून सांगितलेले नाही. दादाने परवा तलाठ्याकडून सातबाऱ्याचा ताजा उतारा आणला आणि वारस म्हणून पोराचे नाव पुढे कसे लागेल ते मला विचारून घेतले. मी सांगितले, की आहे तेच पूर्ण नाव लागेल, तिकडचा पासपोर्ट काहीही म्हणो. फक्त दोन्ही नावांचा एक माणूस असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागेल. तो म्हणाला, ते आत्ताच करून ठेवू, तू आहेस तोवर.